रिजेक्शन आलं की आधी आपला रकाना भरा

साचेकार:
कोल्हापुरात शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो नाहीतर उद्यमनगरातली जुनी शेड असो, रिजेक्शनची (नाकारलेल्या मालाची) मीटिंग सगळीकडं एकाच चालीवर चालते. मशीन शॉप म्हणतं कास्टिंगमध्येच (ओतीव भागातच) होल होतं. फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) मोल्डिंगवर, म्हणजे वाळूचा साचा करण्यावर, खापर फोडते. मोल्डर वाळूकडं बोट दाखवतो, वाळूवाला पावसाकडं, भट्टीवाला स्क्रॅपकडं. अर्ध्या तासात सगळ्यांचे हात झटकून होतात, डेबिट नोट (नुकसानीची रक्कम वळती केल्याची चिठ्ठी) फाइलला लागते आणि पुढच्या लॉटला त्याच जागी तसंच होल.

यातला एकही माणूस खोटं बोलत नसेल. पाऊस पडलेला असतो, स्क्रॅप गंजलेलं असतं. पण दुसऱ्याचं नाव घेतलं की शोध तिथंच थांबतो, आणि तोटा त्यातच आहे. म्हणून एक पद्धत सुचवतो. मीटिंगला येताना प्रत्येक विभागानं एकच कागद आणायचा: त्या हीटला (भट्टीच्या एका वितळणीला) आम्ही काय मोजलं, किती आलं, आणि काय मोजायचं राहिलं. दुसऱ्या विभागाबद्दल त्या कागदावर एक अक्षर नको. 'काय मोजायचं राहिलं' हा रकाना रिकामा असेल तर कागद परत द्यायचा.

आता प्रश्न असा, की वाळू, भट्टी, कोअर (कास्टिंगमधली पोकळी राखणारा वाळूचा गाभा), मशीनिंग यांच्या कागदावर नेमकं काय यायला हवं? आकड्यांसकट लिहा. ग्रे आयर्नचा (करड्या बिडाचा) एफजी २६० हा दर्जा, ओल्या वाळूचं मोल्डिंग आणि इंडक्शन भट्टी एवढं धरून चालू.

भट्टीकाठ:
कागद भरायच्या आधी कास्टिंग कापा. निम्मी भांडणं 'ब्लोहोल' या एका शब्दामुळं होतात. पृष्ठभागावर खड्डा दिसला की सगळे त्याला ब्लोहोल म्हणतात आणि मग ज्याचा संबंध नाही त्याच्या गळ्यात घालतात.

होलच्या मधून कट घ्या, वारं मारून स्वच्छ करा आणि दहापट भिंगाखाली उजेडात बघा. भिंत गुळगुळीत, चकचकीत, आकार गोलसर असेल तर तो गॅस. भिंत खडबडीत, आत फर्नच्या पानासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ते श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी), म्हणजे प्रश्न रायझरचा (आकसणाऱ्या धातूला भर पुरवणाऱ्या साठ्याचा), मोल्डच्या घट्टपणाचा नाहीतर केमिस्ट्रीचा. तळाशी वाळूचे कण चिकटलेले असतील तर मोल्ड किंवा कोअर झिजलाय, नाहीतर पेटी (साच्याची चौकट) बंद करताना वाळू आत पडलीय. काळसर, काचेसारखा थर असेल तर स्लॅग (धातूवरची मळी). स्लॅगसोबत वरच्या पृष्ठभागाखाली होलांचा पुंजका असेल तर मँगनीज आणि सल्फर दोन्ही जास्त आणि ओतायचं तापमान कमी, अशी जोडगोळी तपासा.

जागाही लिहा. वरच्या अंगाला आहे का, कोअरच्या लगत आहे का, गेटजवळ (धातू साच्यात शिरते तिथं) आहे का? कोअरच्या भोवतीच गुळगुळीत होलं असतील तर वाळूवाल्याला मीटिंगला बोलवायच्या आधी कोअरची व्हेंट (गॅस बाहेर जायचं छिद्र) बघा.

आणि कास्टिंगवर हीट नंबर, तारीख आणि कॅव्हिटी (साच्यातला एकेक खण) नंबर ओतीवच हवा. रंगानं किंवा खडूनं लिहिलेलं शॉट ब्लास्टिंगमध्ये उडून जातं. चार कॅव्हिटीच्या पॅटर्न (वाळूत आकार उमटवणारा नमुना) प्लेटवर नंबर नसेल तर होल एकाच कॅव्हिटीत येतंय की चारींत, हे कुणालाच सांगता येत नाही. ज्या दोषाचा पत्ता नाही त्याची जबाबदारी मनात असूनही कुणाला घेता येणार नाही.

वाळूचा_तोल:
वाळूकडून लिहितो. 'पावसाळ्यात वाळू अशीच असते' हे वाक्य आमच्या बाजूचं ठरलेलं उत्तर, आणि ते टिकत नाही. पाऊस जूनमध्ये येणार हे जानेवारीतच माहीत असतं.

आपल्याकडं बरीचशी सिलिका वाळू सिंधुदुर्गातल्या कासार्डे-फोंड्याकडून घाट चढून येते. पावसाळ्यात ती ओली येणारच. मग ड्रायर आहे का, शेडला छप्पर आहे का, मेअखेर किती कोरडा साठा करून ठेवला, हे तीन प्रश्न आमच्या कागदावरचे आहेत, घाटातले नाहीत. कोअरला वापरायच्या वाळूत ओल अर्ध्या टक्क्याच्या आत हवी. सीओटू कोअर (सिलिकेट घातलेली वाळू कार्बन डायऑक्साइडनं घट्ट करून केलेला) पावसाळी हवेत उघड्यावर ठेवला तर ओल धरतो आणि ढिला पडतो. एका दिवसात लागतील तेवढेच कोअर करायचे, उरलेले दुसऱ्या दिवशी डोळे झाकून पेटीत ठेवायचे नाहीत.

मोल्डिंग वाळूचे आकडे मशीनप्रमाणे बदलतात, पण साधारण पट्टा असा: ओल ३ ते ४ टक्के, कॉम्पॅक्टेबिलिटी (ठोकल्यावर वाळू किती टक्के दबते) ३८ ते ४५, ॲक्टिव्ह क्ले (वाळू बांधणारी कामाची माती) ७ ते ९ टक्के. आकडा किती आला याइतकंच नमुना कुठून घेतला हेही बघा. बहुतेक ठिकाणी नमुना मुलरच्या (वाळू मळायच्या यंत्राच्या) तोंडाशी घेतात. मुलरपासून मोल्डिंग मशीनच्या हॉपरपर्यंत बेल्टवर वाळू सुकते, आणि परतीची (वापरून पुन्हा आलेली) वाळू गरम असेल तर फार सुकते. लॅबच्या वहीत ३.५ आणि मोल्डरच्या हातात २.८, मग दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि पेटीच्या कडा ढासळतायत. नमुना मोल्डिंग हॉपरमधून घ्या, दर तासाला. पाऊस सुरू असेल तर दर अर्ध्या तासाला.

परतीची वाळू ४५ अंशांच्या खाली हवी. गरम वाळूची वाफ थंड पॅटर्नवर आणि कोअरवर दव धरते, वाळू पॅटर्नला चिकटते आणि पुढं गॅसचं होल. त्यावर उपाय म्हणून पाणी वाढवलं की होल आणखी वाढतात. इथंच 'बेंटोनाइट हलकं आलं' अशी ओरड सुरू होते. बेंटोनाइट, म्हणजे वाळू बांधणारी माती. ते कच्छहून निघून इथं येईपर्यंत कितीदा तरी हाताळलं जातं, भेसळ होऊही शकते. पण लॉट उतरवून घेताना मिथिलीन ब्लू चाचणी (कामाची माती किती ते दाखवणारी) केली नसेल तर सप्लायरला फोन करायचा हक्क आपण आधीच सोडलेला असतो.

पाण्याचा हिशोब तोंडी सांगून भागत नाही. ५०० किलोच्या बॅचमध्ये ओल अर्धा टक्का हलवायला पाणी लागतं २.५ लिटर. पाइप हातात धरून अंदाजानं पाणी मारणाऱ्याला अडीच लिटर म्हणजे किती वेळ, हे सांगता येणार नाही. पाण्याला मीटर नाहीतर खूण केलेली टाकी द्या. ती दिली नसेल तर चूक पाइप धरणाऱ्याची नाही, वाळू विभागाच्या प्रमुखाची.

बोअरगेज:
मशीन शॉपनं कागद कोरा आणायचा आणि फाउंड्रीचा वाचायचा, असं होऊ नये. 'मटेरियल हार्ड आहे, इन्सर्ट उडतायत' म्हणायच्या आधी (इन्सर्ट म्हणजे कापणाऱ्या हत्याराची बदलायची धार) ब्रिनेल हार्डनेस मोजलाय का? १० मिमीचा बॉल, ३००० किलो भार, १० ते १५ सेकंद. वरचा पापुद्रा दोन-तीन मिमी घासून काढायचा, ठशाचा व्यास एकमेकांना काटकोनात दोनदा मोजून सरासरी घ्यायची. ठसा ४.० मिमी आला तर २२९, ४.२ ला २०७, ४.५ ला १७९. एफजी २६० ला १८० ते २३० चा पट्टा धरला तर ४.० ते ४.५ च्या मधला ठसा म्हणजे सर्वसाधारण कास्टिंग चांगलं. तरीही पातळ कडेलाच इन्सर्ट जात असेल तर तिथं चिल (पटकन थंड होऊन कडक झालेलं पांढरं बीड) आलाय. तो तुकडा कापून फाउंड्रीला द्या. तुटलेल्या इन्सर्टचा फोटो पाठवून त्यांना काही कळत नाही.

आमच्याच बाजूनं होणाऱ्या चुका: लोकेटरवर (जॉब बसवायच्या टेकूवर) बुरा राहतो आणि जॉब ०.२ मिमी तिरका बसतो. जॉब पार्टिंग लाइनच्या (साच्याच्या दोन भागांच्या सांध्याच्या) फिनवर (पातळ जादा कडेवर) टेकतो, मग एका बाजूला मशीनिंगला माल उरत नाही आणि शिक्का बसतो 'कोअर शिफ्ट'चा (कोअर सरकल्याचा). फिन असणं ही फेटलिंगची (कास्टिंगच्या जादा कडा साफ करणाऱ्यांची) चूक, पण त्यावरच जॉब टेकवून क्लॅम्प मारणं ही आमची. टेकायचे तीन पॉइंट ड्रॉइंगवर असतात, ते फिक्श्चरवर आहेत का ते बघा. क्लॅम्प जास्त आवळला तर बोअर (आतलं भोक) मशीनवर गोल आणि सोडल्यावर लंबगोल.

मोजमापातही तसंच. कास्ट आयर्न दर अंशाला मीटरमागं सुमारे ११ मायक्रॉन वाढतं. १०० मिमीचा बोअर मशीनवरून काढताच, खोलीपेक्षा २० अंश जास्त गरम असताना मोजला तर २२ मायक्रॉन मोठा दिसतो. या मापाला एच७ चा (बोअरच्या अचूकतेच्या एका ठरलेल्या वर्गाचा) सगळा टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ३५ मायक्रॉन. म्हणजे गरम जॉब 'ओके' करून पाठवला आणि तिकडं थंड झाल्यावर तो लहान भरला, तर ट्रान्सपोर्टमध्ये काही घडलेलं नसतं. बोअरगेज सेटिंग रिंगवर (माहीत मापाच्या कडीवर) शून्य कधी केला, जॉब किती वेळ थंड होऊ दिला, इन्सर्ट किती नगांनंतर बदलला आणि पाळीच्या पहिल्या नगाचा रिपोर्ट कुठं आहे, एवढं आमच्या कागदावर हवंच.

पाळी_दुसरी:
सगळं पटतंय, पण एक गोष्ट सरळ बोलतो. कारखान्यात 'जबाबदारी घ्या' हे वाक्य वरून खाली येतं आणि खाली आलं की त्याची पगारकपात होते. मोल्डर पेटीवर मजुरी घेतो. वाळू कोरडी आहे म्हणून तो थांबला तर त्याच्या पेट्या बुडतात, नाही थांबला तर रिजेक्शन त्याच्या नावावर. दोन्हीकडून मार त्यालाच. अशा माणसाला 'परिस्थितीला दोष देऊ नको' म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

कायदाही तसंच म्हणतो. नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीपणामुळं झालं असलं पाहिजे आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ पासूनची ही तरतूद आहे. परस्पर कापणारे हे विसरतात.

साचेकार:
@पाळी_दुसरी, बरोबर पकडलंत, मूळ पोस्टमध्ये हे यायला हवं होतं. ज्याला थांबवायचा अधिकार नाही त्याच्याकडं जबाबदारी मागता येत नाही. म्हणून कागदाच्या वरच लिहायचं, कोण काय थांबवू शकतो. हॉपरच्या वाळूची कॉम्पॅक्टेबिलिटी पट्ट्याबाहेर गेली तर मोल्डर मशीन बंद करणार, आणि त्या वेळेची मजुरी त्याला सरासरी पेट्यांप्रमाणे मिळणार. शेवटच्या पेटीला तापमान खाली गेलं तर ओतणारा उरलेली धातू पिग करणार (साध्या साच्यात ओतून टाकणार), सुपरवायझरला विचारायची गरज नाही. मालकानं यावर सही करायची. त्या सहीशिवाय हा कागद खालच्या माणसाच्या हातात देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

भट्टीकाठ:
ओतणाऱ्याचा विषय निघालाच आहे तर भट्टीचा कागद सांगतो.

चार्ज: स्क्रॅप किती, कोणतं, कोरडं होतं का? ओलं स्क्रॅप किंवा तोंड बंद असलेला पाइप वितळलेल्या धातूत गेला तर वाफेचा स्फोट होतो, तिथं रिजेक्शनचा विचार दूरच राहिला. तेलकट बुरा आणि गंज हायड्रोजन आणतात. स्टील स्क्रॅप वाढवून हलक्या प्रतीचा कार्बन टाकला तर नायट्रोजन वाढतो. स्क्रॅपवाला कसलाही असो, भट्टीत काय टाकायचं ते भट्टीवाला ठरवतो.

केमिस्ट्री: कार्बन ३.२ ते ३.४ टक्के, सिलिकॉन १.८ ते २.१ टक्के, आणि मँगनीज सल्फरच्या १.७ पट अधिक ०.३. स्पेक्ट्रो (धातूतले घटक मोजणारं यंत्र) रिपोर्ट धातू ओतायच्या आधी आला की नंतर, ती वेळ लिहा. नंतर आलेला रिपोर्ट फाइलच्या कामाचा.

इनॉक्युलंट (चिल टाळायला धातूत घालायचा मिश्रधातू): ५०० किलोच्या लॅडलला (ओतायच्या भांड्याला) ०.३ टक्के म्हणजे दीड किलो. डब्यानं मापू नका, वजन करा, कारण दाणा बारीक-मोठा झाला की डब्यातलं वजन बदलतं. लॅडलच्या तळात टाकून ठेवू नका, धातूच्या धारेत टाका. त्याचा गुण वेळेबरोबर उतरतो, म्हणून टॅपिंगपासून (भट्टीतून धातू काढल्यापासून) शेवटच्या पेटीपर्यंत ७-८ मिनिटांच्या आत ओतणं संपवा. पातळ कडेचा चिल बहुतेक वेळा शेवटच्या पेट्यांत सापडतो. म्हणजे पेट्यांचा क्रम लिहिला नसेल तर हेही कळणार नाही.

तापमान: पहिल्या पेटीला किती आणि शेवटच्या पेटीला किती, दोन्ही. बहुतेक जण पहिलंच लिहितात. मध्यम जाडीला १३६० ते १४२० च्या पट्ट्यात राहायचं तर लॅडल लाल होईपर्यंत तापवलेलं हवं. पाळीचं पहिलं लॅडल थंड असतं आणि पहिल्या पाच-सहा पेट्या त्यालाच बळी पडतात.

राहिली लाइट. वीज जाणं आपल्या हातात नाही, पण भरल्या भट्टीत वीज गेल्यावर काय होतं ते आपल्याच हातात आहे. कॉइलचं (भट्टीभोवतीच्या वेटोळ्याला थंड ठेवणारं) पाणी बंद पडू द्यायचं नाही. वरची टाकी भरलेली, पंपाला जनरेटर, आठवड्यातून एकदा लोड देऊन १५ मिनिटं चालवून बघितलेला. भट्टीसमोरचा खड्डा कोरडा आणि पिग मोल्ड कोरडे, तापवलेले. 'लाइट गेली म्हणून हीट वाया गेली' असं लिहायच्या आधी शेवटची जनरेटर चाचणी कधी झाली ती तारीख लिहा.

पंचगंगाकाठ:
पुराचंही याच धाग्यात असू द्या, कारण दर पावसाळ्यात डिस्पॅचची तीच सबब असते. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, पुलाच्या दोन्हीकडं गाड्या अडकल्या. ते कुणाच्याच हातात नव्हतं. पण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज जाहीर होते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. मग ३९ ची वाट का बघायची? पातळी ३५-३६ ला असताना आणि धरणक्षेत्रात पाऊस चालू असताना तयार माल पलीकडच्या गोदामात हलवा. बेंटोनाइट, इनॉक्युलंट, सिलिकेट यांचा आठ-दहा दिवसांचा साठा पाण्यापासून उंच पॅलेटवर ठेवा. नदीपलीकडून येणाऱ्या कामगारांची यादी काढून पाळ्या आधीच बदला. ग्राहकाला फोन पाणी चढायच्या आधी जायला हवा. रस्ता बंद झाल्यावर केलेल्या फोनमध्ये सांगण्यासारखं काही उरत नाही.

रनर_रायझर:
रिपोर्ट लिहिण्याबद्दल. 'मूळ कारण: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: समज दिली.' हे ज्या रिपोर्टमध्ये आहे तो परत पाठवावा. दुर्लक्ष हे कारण नसतं. दुर्लक्ष झालं तरी चूक पकडली का गेली नाही, हे कारण.

समजा कोअरलगत गुळगुळीत होल आहे. का? कोअरचा गॅस बाहेर पडला नाही. का? व्हेंट बुजली होती. कशानं? कोअर पेंटमध्ये बुडवताना पेंट व्हेंटमध्ये गेला. बेक झाल्यावर कुणी बघितलं का नाही? कोअर सेटरच्या चेकशीटवर ती ओळच नाही. का नाही? जुन्या जॉबला व्हेंट दोन होत्या, नव्या जॉबला चार झाल्या आणि चेकशीट बदलली नाही. चेकशीट कोण बदलतं? मी, म्हणजे रिपोर्ट लिहिणारा. 'का'ची साखळी लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या टेबलापर्यंत आली नाही तर ती मध्येच तोडलीय असं समजा. मग उपायही नेमका निघतो: बेक झाल्यावर २ मिमीची तार प्रत्येक व्हेंटमधून आरपार घालायची, नाही गेली तर कोअर बाजूला.

भाषा बघा, वाक्यातून माणूस कसा गायब होतो ते. 'वाळू खराब झाली', 'तापमान पडलं', 'चेक राहून गेला'. त्याऐवजी 'साडेदहाचा नमुना आम्ही घेतला नाही' असं लिहा. लिहिताना जड जातं, पण पुढं काय करायचं ते त्याच वाक्यात असतं.

नवा_साचा:
उद्यमनगरातल्या चार-पाच माणसांच्या युनिटला लॅब नसते. स्पेक्ट्रो बाहेरून, वाळूची चाचणी कुणीच करत नाही. तिथं यातलं काय जमेल?

वाळूचा_तोल:
बरंच जमेल. ओल मोजायला ग्रॅमचा काटा आणि साधा ओव्हन पुरे: ५० ग्रॅम वाळू १०५ ते ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. ४८.३ ग्रॅम उरली तर ओल ३.४ टक्के. कॉम्पॅक्टेबिलिटीला ५० मिमी व्यासाची नळी आणि रॅमर, तीन ठोके, वाळू १०० वरून ५८ वर आली तर ४२. दहापट भिंग. तापमानाला डिप थर्मोकपल, टिप संपल्या म्हणून मोजणं थांबवायचं नाही. इनॉक्युलंटला वेगळा काटा. वेळ बघायला भिंतीवरचं मोठं घड्याळ, ओतणाऱ्याला दिसेल असं.

रजिस्टर एकच ठेवा आणि ऑफिसात नको, मुलरशेजारी दोरीनं टांगा. बोटाला वाळू लागलेली असतानाच आकडा लिहिला गेला पाहिजे. संध्याकाळी आठवून भरलेली पानं सगळी सारखी दिसतात, ३.५, ३.५, ३.५. तशी दिसली तर त्या दिवशी कुणीच मोजलेलं नाही असं धरा आणि दुसऱ्या दिवशी पहिला नमुना तुम्ही स्वतः घ्या.